खाट, गोळी आणि शिधा

‘हवा पालटायला पाठवले आहे,’ असे घरातल्या एखाद्या माणसाबद्दल दबक्या आवाजात सांगण्याचा एक काळ होता. ऐकणारा समजून जाई आणि पुढे काही विचारत नसे. क्षय हा शब्द उच्चारला जात नसे. त्या माणसाची ताटवाटी वेगळी होई, पोरांना त्याच्याजवळ जायची बंदी होई, आणि ऐपत असेल तर त्याला कुठल्या तरी उंचावरच्या, मोकळ्या हवेच्या गावी पाठवले जाई. ऐपत नसेल तर तो घराच्या पडवीत खोकत राही.

आज क्षयाचा रुग्ण घरी राहून गोळ्या घेतो आणि बहुधा बरा होतो. हा बदल कसा झाला? औषधे सापडली म्हणून, हे त्याचे अर्धे उत्तर आहे. औषधे सापडल्यावरही ‘रुग्णाला खाटेवर झोपवल्याशिवाय, चांगले खाऊ घातल्याशिवाय ती लागू पडतील का?’ हा प्रश्न उरलाच होता. तो कोणी तरी नीट विचारावा लागला, आणि तो आपल्याच देशात विचारला गेला. त्या उत्तराचा एक भाग आपण साठ वर्षे नीट वाचला नाही, असे आम्हाला वाटते. या लेखात आपण ती हकिगत पाहू या.

हवा पालटायची तर कुठे?

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधल्याचे २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केले. रोगाचे कारण कळले, पण उपाय हाती आला नाही. फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने वारल्या. तेव्हा या शोधाला पाच वर्षे होत आली होती. त्यांना वाचवू शकेल असे काहीही त्या काळच्या वैद्यकाकडे नव्हते, ना पूर्वेच्या ना पश्चिमेच्या.

होता तो एकच मार्ग, विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत हरमान ब्रेमर यांनी डोंगरात क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम काढले. पुढे युरोप-अमेरिकेत अशी शेकडो सॅनिटोरियम उभी राहिली. आपल्याकडे १९०६ साली अजमेरजवळ तिलोनिया येथे, पुढे अल्मोडा, मदनपल्ली अशा ठिकाणी ती निघाली. मद्रासजवळ तांबरमचे सॅनिटोरियम १९२८ चे. मिरज आणि शिवडी ही नावे तर आपल्याकडच्या जुन्या पिढीला वेगळी सांगायला नकोत.

या सॅनिटोरियमांनी काही रुग्ण बरे होत, काही होत नसत. पण खाट मिळणे ही भाग्याची गोष्ट मानली जाई. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशाच्या निरनिराळ्या भागांत क्षयाची पाहणी केली. क्षय हा दाटीवाटीच्या शहरांचा रोग आहे, अशी तोवर समजूत होती. पाहणीत तो खेड्यांतही जवळजवळ तेवढाच आढळला. दर हजार माणसांत सुमारे १३ ते २५ जणांच्या छातीच्या क्ष-किरण चित्रात सक्रिय रोगाच्या खुणा दिसल्या. देशाच्या लोकसंख्येला हे प्रमाण लावून पाहा. रुग्ण लाखांनी मोजावे लागतात आणि खाटा होत्या काही हजार. इतक्या खाटा बांधायच्या तर कित्येक दशके लागली असती, आणि तोवर रोग थांबून राहणार नव्हता.

चिठ्ठी काय करते?

मद्रासला जाण्याआधी वाट थोडी वाकडी करून लंडनला जाऊ या. स्ट्रेप्टोमायसीन हे औषध १९४३ साली अमेरिकेत सापडले. महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनकडे डॉलर नव्हते, त्यामुळे औषध अगदी थोडे विकत घेता आले. ते कोणाला द्यायचे? तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेने ठरवले की, ते सर्वांना पुरणार नाहीच, तर निदान त्यातून खात्रीचे ज्ञान तरी मिळावे. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी सुचवले की, औषध कोणाला मिळेल हे डॉक्टरांनी ठरवू नये. बंद पाकिटातल्या चिठ्ठीने ते ठरावे.

यात विशेष ते काय? डॉक्टर माणूसच असतो. नव्या औषधावर त्याचा विश्वास असेल तर तो नकळत तरुण, आशा असलेले रुग्ण त्या गटात घालील. दया आली तर सर्वांत आजारी रुग्णाला औषध देईल. दोन्ही प्रकारांत गट सारखे राहात नाहीत, आणि शेवटी दिसलेला फरक औषधाचा की निवडीचा हे सांगता येत नाही. चिठ्ठीला ना आशा असते ना दया. वय, वजन, रोगाचा जोर, गरिबी, एवढेच काय पण आपल्या ध्यानातही न आलेल्या गोष्टी, ती दोन्ही गटांत साधारण सारख्या वाटून टाकते.

सहा महिन्यांनी हिशेब झाला. औषध व विश्रांती मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले होते, नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. क्ष-किरण चित्रे वाचणाऱ्यांना कोणते चित्र कोणत्या गटातील हे माहीत नव्हते. औषध गुणकारी होते, यात शंका उरली नाही. पण पुढे पाच वर्षांनी पाहिले तेव्हा दोन्ही गटांतील निम्म्याहून अधिक रुग्ण मरण पावले होते. एकाच औषधाला जंतू सरावले होते. म्हणून मग दोन औषधे जोडीने द्यायची रीत आली. पास हे दुसरे औषध, आणि १९५२ साली आयसोनियाझिड हे तिसरे. आयसोनियाझिड स्वस्त होते आणि पोटात घ्यायची गोळी होती. खाट आणि गोळी यांची ताटातूट करता येईल का, हा प्रश्न आता प्रथमच विचारण्याजोगा झाला.

मद्रासचा प्रश्न

१९५६ साली मद्रासच्या चेटपट भागात क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद असे चौघे त्यात भागीदार होते. ब्रिटिश डॉक्टर वॉलेस फॉक्स यांच्याकडे प्रारंभीची सूत्रे होती. त्यांच्याबरोबर भारतीय डॉक्टर, परिचारिका, संख्याशास्त्रज्ञ आणि घरोघर फिरणारे आरोग्यसेवक होते.

शहरातील गरीब वस्त्यांतून आलेले, बेडक्यात जंतू सापडलेले आणि पूर्वी उपचार न झालेले सुमारे दोनशे रुग्ण त्यांनी घेतले. दोन्ही गटांना औषध तेच, आयसोनियाझिड आणि पास, आणि मुदतही तीच, एक वर्ष. चिठ्ठीने ठरले ते एवढेच की कोणी सॅनिटोरियमच्या खाटेवर जायचे आणि कोणी आपल्या घरी राहायचे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. या प्रयोगात कोणालाही औषधावाचून ठेवलेले नव्हते. त्या वेळी उपलब्ध असलेले चांगले औषध दोन्ही गटांना मिळत होते. कसोटी होती ती खाटेची.

दोन्ही गटांचे आयुष्य मात्र अगदी निराळे होते. सॅनिटोरियममधल्या रुग्णाला विश्रांती, मोकळी हवा, परिचारिका आणि वेळेवर जेवण मिळे. घरच्या रुग्णाला अंधाऱ्या खोलीत पाच-सात माणसांबरोबर राहावे लागे. जेवण कमी आणि निकस. पुष्कळांना लवकरच कामावरही जावे लागे. तेव्हाच्या कोणत्याही अनुभवी डॉक्टरला विचारले असते तर त्याने घरच्या रुग्णांची आशा सोडली असती.

आणि एक वर्षाने? सॅनिटोरियममधल्या शंभरातील ९२ रुग्णांच्या बेडक्यातून जंतू नाहीसे होऊन रोग शांत झाला होता. घरच्या गटात हे प्रमाण शंभरात ८६ होते. हिशेबासाठी प्रत्येक गटात ऐंशीच्या आसपास रुग्ण होते, म्हणजे हा फरक पाचेक रुग्णांचा. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. या रुग्णांवर पुढे पाच वर्षे लक्ष ठेवले गेले. तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता.

दुसरी भीती घरच्यांची होती. वर्षभर रुग्ण त्याच खोलीत राहिला तर पोराबाळांना लागण होणार नाही का? त्यांचीही वर्षानुवर्षे तपासणी झाली. ज्यांचा रुग्ण सॅनिटोरियममध्ये गेला त्या कुटुंबांपेक्षा ज्यांचा रुग्ण घरी राहिला त्या कुटुंबांत क्षय जास्त झाला नाही. कारण विचार करून पाहता कळते. रोग ओळखला जाण्यापूर्वी कित्येक महिने रुग्ण घरात खोकतच असतो, आणि बरीचशी लागण तेव्हाच होऊन जाते. औषध सुरू झाल्यावर त्याची संसर्गक्षमता झपाट्याने कमी होते. म्हणजे ताटवाटी वेगळी करायला आपण नेमके उशिरा सुरुवात करत होतो!

हे निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले, आणि खाटेवाचून उपचार नाही ही समजूत मागे पडत गेली. त्याच वर्षी बंगलोरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली, आणि १९६२ पासून घरी राहून औषध घेण्यावर आधारलेला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे युरोप-अमेरिकेतही सॅनिटोरियम बंद होत गेली. श्रीमंत देशात प्रयोग व्हावा आणि गरीब देशाने तो उचलावा, हा नेहमीचा क्रम येथे उलटा झालेला दिसतो.

गोळी पोटात गेली का?

मद्रासच्या लोकांना आणखी एक गोष्ट उमगली. रुग्णाला गोळ्या दिल्या म्हणजे त्या त्याच्या पोटात गेल्या असे होत नाही. पास हे औषध दिवसाला अनेक ग्रॅम घ्यावे लागे. त्याने मळमळे, पोट बिघडे. शिवाय दोन-तीन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात बळ येते, आणि मग औषध कशाला असे वाटू लागते. आरोग्यसेवक न सांगता घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजत आणि लघवीचा नमुना घेऊन त्यात औषधाचा अंश आहे का हे तपासत. औषध चुकवणारे रुग्ण पुष्कळ निघाले, आणि कोण चुकवील हे चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हते.

यातून पुढची कल्पना निघाली. रोज घरी औषध घेण्याऐवजी आठवड्यातून दोनदा दवाखान्यात येऊन, कोणाच्या तरी समक्ष घेतले तर? तशी चाचणीही मद्रासला झाली आणि १९६४ साली तिचा अहवाल आला. समक्ष, दिवसाआड किंवा आठवड्यातून दोनदा औषध देण्याची ही पद्धत पुढे ‘डॉट्स’ या नावाने जगभर गेली आणि १९९७ पासून आपल्याकडे नव्या रूपात परत आली. २०१७ पासून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने पुन्हा रोजच्या औषधाकडे मोहरा वळवला. प्रयोगाचे उत्तर कायमचे नसते. औषधे बदलतात, जंतू बदलतात, आणि प्रश्न पुन्हा विचारावा लागतो.

अर्धे वाचलेले उत्तर

आता त्या न वाचलेल्या भागाकडे वळू. मद्रासच्या संशोधकांनी दोन्ही गटांच्या आहाराचीही काळजीपूर्वक नोंद ठेवली होती. सॅनिटोरियममधल्यांचे वजन घरच्यांपेक्षा बरेच जास्त वाढले. पण जंतू नाहीसे होण्याच्या बाबतीत दोन्ही गट जवळजवळ बरोबरीचे राहिले. यावरून त्यांनी म्हटले की, चांगली औषधे मिळत असतील तर निकस आहारामुळे रोग बरा व्हायचा राहात नाही. हे म्हणणे त्यांच्या आकड्यांना धरूनच होते. गरिबाला ‘आधी दूध-अंडी खा, मग औषधाचे बघू’ असे सांगून परत पाठवण्याचे कारण त्यामुळे नाहीसे झाले. हा मोठाच न्याय होता.

पण वाक्य हातोहात जाताना झिजते. ‘औषध असेल तर आहारावाचून जंतू मरतात’ याचे हळूहळू ‘क्षयात आहाराला महत्त्व नाही’ असे होऊन बसले. ही दोन वाक्ये एक नाहीत. जंतू मेले का, हा एक प्रश्न. रुग्ण जगला का, कामावर परत जाण्याइतके बळ त्याला आले का, हा दुसरा. आणि घरातल्या इतरांना मुळात रोग होऊ नये म्हणून अन्नाचा उपयोग होतो का, हा तिसराच प्रश्न. मद्रासने मुख्यतः पहिल्याचे उत्तर दिले होते. ते आपण तिसऱ्यालाही चिकटवून टाकले.

लागण होणे आणि रोग होणे यांत फरक आहे, हे आपण आठवी-नववीत शिकवतो. भारतात दर दहा प्रौढांपैकी सुमारे तिघांना क्षयजंतूंची लागण झालेली आहे, असे २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत दिसले. त्यातील बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. जंतू शरीरात कोंडून पडलेले असतात. पहारा ढिला पडला की ते बाहेर येतात. पहारा ढिला पाडणाऱ्या कारणांत भूक हे एक मोठे कारण असावे, असा संशय जुनाच होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन छावण्यांतल्या कैद्यांत हे दिसले होते. ब्रिटिश कैद्यांना रेड क्रॉसकडून अन्नाची पार्सले मिळत, रशियन कैद्यांना मिळत नसत, आणि रशियनांमध्ये क्षयाचे प्रमाण कितीतरी जास्त निघाले. पण तेथे चिठ्ठी नव्हती. दोन्ही कैद्यांत अन्नाखेरीज इतरही फरक असू शकत होते.

माणशी पाच किलो तांदूळ

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही डॉक्टरांची संस्था आदिवासी व खेडुतांसाठी दवाखाना चालवते. तेथे काम केलेल्या डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी १,६९५ क्षयरुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ साली प्रसिद्ध केल्या. निम्म्या पुरुषांचे वजन ४२ किलोपेक्षा कमी होते आणि निम्म्या स्त्रियांचे ३४ किलोपेक्षा कमी. वजनाला (किलोत) उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गाने भागले की शरीरभारांक मिळतो, आणि तो १८.५ च्या खाली असेल तर माणूस कुपोषित समजतात. दीड मीटर उंचीच्या, ३४ किलोच्या बाईचा हा अंक काढून पाहा. १५ च्या आसपास येतो.

पुढे मंगळूरच्या येनेपोया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून याच दोघांच्या पुढाकाराने, मद्रासच्या त्या जुन्या केंद्राची आजची वारस असलेली चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था आणि सरकारी क्षयरोग कार्यक्रम यांच्या सहभागाने, एक मोठी चाचणी झाली. तिचे नावच ‘रेशन्स’. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत ती चालली. मधे कोरोनाची साथ आणि टाळेबंदी येऊनही ती थांबली नाही. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे त्यात होती. बरीचशी कुटुंबे आदिवासी.

शिधा एकाला मिळाला आणि शेजारच्या घराला नाही, असे एका वाडीत चालणार नाही. म्हणून येथे चिठ्ठी माणसांची नव्हे, तर विभागांची टाकली. सरकारी कार्यक्रमाच्या २८ विभागांची दोन गटांत वाटणी झाली. दोन्ही गटांतील रुग्णांना औषधाबरोबर दर महिन्याला दहा किलोचा शिधा मिळाला. त्यात तांदूळ, तूरडाळ, दूधपावडर आणि तेल होते. फरक होता तो घरच्या इतर माणसांचा. एका गटात त्यांनाही सहा महिने माणशी महिना पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ मिळाली, मुलांना त्याच्या निम्मी. दुसऱ्या गटात घरच्यांना रेशन दुकानाचे नेहमीचे धान्य होते, जादा शिधा नव्हता.

पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम तांदूळ. दीड किलो म्हणजे ५० ग्रॅम डाळ. तांदळातून सुमारे ५७५ उष्मांक, डाळीतून १७५, मिळून ७५०. प्रथिने साधारण निम्मी तांदळातून आणि निम्मी डाळीतून, एकूण २३ ग्रॅम. हे गणित सातवीचा वर्गही करील.

जादा शिधा न मिळालेल्या घरांत शंभरातल्या २.६ माणसांना क्षय झाला. शिधा मिळालेल्या घरांत १.७ जणांना. पाहणीचा काळ आणि इतर फरक जमेस धरून हिशेब केला तेव्हा क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. इतरांना लागण करू शकणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचे तर ४८ टक्क्यांनी. रुग्णांकडे पाहता, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी होता. या दुसऱ्या आकड्याकडे मात्र सावधपणे पाहावे. शिधा सर्वच रुग्णांना होता, त्यामुळे वजन वाढलेले आणि न वाढलेले हे गट चिठ्ठीने पडलेले नव्हते. मुळात कमी आजारी होते त्यांचेच वजन वाढले, असेही काही अंशी असू शकेल. पहिल्या आकड्याला चिठ्ठीचा आधार आहे, दुसऱ्याला नाही. वर्गात हा फरक जरूर दाखवावा.

एक रुग्ण टाळायला किती शिधा लागला? संशोधकांचा हिशेब ३० घरांचा, म्हणजे सुमारे १११ माणसांचा आहे. सगळे प्रौढ धरले तरी १११ गुणिले साडेसहा किलो गुणिले सहा महिने, म्हणजे फार तर ४३ क्विंटल धान्य. त्याच्या बदल्यात एक माणूस आजारी पडायचा वाचतो, त्याची बुडणारी मजुरी वाचते, आणि त्याच्यापासून ज्यांना लागण झाली असती तेही वाचतात.

हे निष्कर्ष २०२३ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच २०१८ पासून क्षयरुग्णाला पोषणासाठी महिना ५०० रुपये देण्याची सरकारी योजना सुरू झाली होती. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली.

कोणावर आणि कोणासाठी?

अशा चाचण्या बहुधा गरिबांवरच होतात. यात धोका आहे, आणि तो लपवून चालणार नाही. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात १९३२ साली सरकारी आरोग्य खात्याने टस्कीगी इन्स्टिट्यूटच्या (आताच्या टस्कीगी विद्यापीठाच्या) सहकार्याने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांची पाहणी सुरू केली. त्यातील ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना तसे सांगितले नाही, ‘तुमचे रक्त खराब आहे’ एवढेच सांगितले. पुढे पेनिसिलीन हे खात्रीचे औषध आले, तेही त्यांना मिळू दिले नाही. उपचाराशिवाय रोग कसा वाढतो हे पाहायचे होते! १९७२ साली वर्तमानपत्रांनी हे उघडकीस आणले तेव्हा कोठे ते थांबले, आणि राष्ट्राध्यक्षांनी माफी मागायला १९९७ साल उजाडले.

मद्रास आणि टस्कीगी, दोन्ही ठिकाणी गरीब माणसेच होती, आणि वह्यांत नोंदी होत होत्या. फरक कोठे आहे? आम्हाला तो तीन प्रश्नांत दिसतो. ज्यांच्यावर प्रयोग होतो त्यांना तो समजावून सांगितला आहे का? माहीत असलेला चांगला उपचार कोणापासून हिरावून घेतलेला नाही ना? आणि उत्तर मिळाल्यावर ते त्याच लोकांच्या उपयोगी पडणार आहे का? टस्कीगीत या तिन्ही प्रश्नांचे उत्तर लाजिरवाणे होते.

हेच प्रश्न ‘रेशन्स’लाही लावून पाहावेत. दुसऱ्या गटातील घरच्या माणसांना जादा शिधा नव्हता. त्यांच्या घरातील रुग्णाला तो होता, आणि घरच्यांना क्षय झाला आहे का यावर लक्षही होते. तरी भुकेल्या घरासमोर ‘तुम्ही तुलनेच्या गटात आहात’ असे म्हणणे सोपे नव्हे. भुकेल्याला जेवायला द्यावे, हे सिद्ध करायला चाचणी कशाला हवी, असे कोणी विचारले तर त्याचा राग आपण समजू शकतो. आमचे उत्तर असे की, अन्न हा माणसाचा हक्क आहे. त्यासाठी चाचणीची गरज नाही. पण अन्न हा क्षयावरचा उपायही आहे, हे मात्र आकड्यांनीच दाखवावे लागले. साठ वर्षे उलटाच समज असताना आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकात तांदूळ-डाळीला जागा मिळणे एरवी कठीण होते. हे उत्तर सर्वांना पटेलच असे नाही. वरच्या वर्गात यावर वाद घडवून आणावा, दोन्ही बाजूंना बोलू द्यावे.

वर्गात करून पाहण्यासाठी

चिठ्ठीची किमया सांगून पटत नाही, पाहून पटते. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला आपली उंची एका कागदावर लिहायला सांगा. आधी दोन नायक नेमून, खो-खोला गडी निवडतात तसे, आपापले गट निवडायला सांगा आणि दोन्ही गटांच्या उंचीची सरासरी काढा. मग सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात घालून, डोळे मिटून वीस-वीसचे दोन गट करा आणि पुन्हा सरासरी काढा. असे पाच-सहा वेळा करून फळ्यावर आकडे लिहीत जा. चिठ्ठीने पडलेल्या गटांची सरासरी बहुतेक वेळा एकमेकांच्या जवळ येईल, पण अगदी तंतोतंत नाही, आणि एखाद्या वेळी बराच फरकही पडेल. मग चाळीसऐवजी आठच मुलांवर हेच करून पाहा. फरक केवढा हेलकावतो ते मुलांच्या ध्यानात येईल, आणि ८६ व ९२ या आकड्यांपुढे संशोधक लगेच निकाल का देत नाहीत, हेही.

जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे एक आजही भारतात आहे. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरीही तो असू शकेल. हा पाठ घेताना तेवढे भान ठेवावे. घरात कोणाला क्षय आहे असे वर्गात विचारू नये. पण औषध सुरू झालेल्या माणसाची ताटवाटी वेगळी करायची गरज नाही, आणि त्याच्याबरोबर घरातल्या सगळ्यांच्याच ताटात डाळ-भात पुरेसा असायला हवा, एवढे सर्वांना ऐकू जाईल असे सांगावे.